वाचक विचारतात : ऑफिसचा रस्ता, ट्रॅक आणि एकच ब्रेक पॅड

रोजची गाडी ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायच्या दिवशी, नेणाऱ्या वाचकांच्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा येतो: ब्रेक. या वेळी फक्त तेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे. आठवडाभर हिंजवडीचं ऑफिस, आणि वर्षातून दोन-तीनदा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे. गाडी चालवतच नेतो, चालवतच आणतो. गाडीसोबत आलेले कंपनीचे पॅड ट्रॅकवर चार-पाच लॅपमध्येच दम सोडतात. फेरोडो डीएस२५०० घेऊ की सरळ रेसिंग पॅड? – एक वाचक, पुणे

उत्तर : डीएस२५०० किंवा त्याच जातीचा दुसरा पॅड घ्या. रेसिंग पॅड लावून घरातून निघू नका. हा सगळा तापमानाचा मामला आहे, म्हणून आधी थोडा हिशोब.

ड्रायव्हर धरून तुमची गाडी साधारण १२०० किलोची. शहरात ताशी ६० किलोमीटरवरून थांबताना ब्रेकला सुमारे १७० किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. ट्रॅकवर ताशी १४० वरून ७० वर येताना हाच आकडा ६८० च्या घरात जातो. म्हणजे गाडी थांबलेलीही नाही आणि काम चौपट झालं. यातला जवळजवळ तीन चतुर्थांश भार पुढच्या दोन चाकांवर येतो. पुढची डिस्क पाच किलोची धरली तर अशा एकाच ब्रेकिंगला ती १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. ती गार होण्याआधी पुढचं वळण समोर उभं असतं. करीचा ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा. तिथे वेग फार चढत नाही, पण ब्रेकला उसंतही मिळत नाही.

शहरात डिस्क बहुतेक वेळ १५० अंशांच्या आतच असते आणि कंपनीचा पॅड त्याच पट्ट्यासाठी बनवलेला असतो. साधारण ३०० ते ३५० अंशांपुढे त्याला बांधून ठेवणारं रेझिन जळायला लागतं, त्यातून वायू सुटतो, आणि त्या वायूचा पातळ थर पॅड व डिस्कच्या मध्ये बसतो. पाय पूर्ण जोर लावतो, पेडल कडकच लागतं, पण गाडी थांबत नाही. यालाच फेड म्हणतात. तुमच्या पॅडचं चौथ्या लॅपला हेच होत असणार.

रेसिंग पॅडची अडचण बरोबर उलटी आहे. अनेक रेसिंग पॅडना नीट पकड धरायलाच दीड-दोनशे अंश लागतात. सोसायटीच्या गेटबाहेर सकाळचा पहिला ब्रेक मारताना डिस्क २५ अंशांवर असते, जुलैत वर ओलीही असते. समोर अचानक रिक्षा वळली तर नेमक्या त्याच क्षणी पॅडला पकड नसते. शिवाय थंड असताना हे पॅड डिस्क खरवडतात, सिग्नलला थांबताना किंचाळतात, आणि त्यांची धूळ ओली होऊन अलॉय व्हीलवर बसली की ती काढता काढता नाकी नऊ येतात. रस्त्यावरच्या पॅडचं वरचं टोक किती यापेक्षा खालचं टोक किती, हे आधी विचारायला हवं. जाहिरातीत मात्र वरचाच आकडा मोठ्या अक्षरांत असतो.

डीएस२५०० या दोन्हींच्या मधला. थंड असतानाही पकडतो आणि साधारण ५०० अंशांपर्यंत घर्षण टिकवून धरतो. त्याच कंपनीचा डीएस१.११ मात्र लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी आहे. नावं सारखी दिसतात म्हणून दुकानात गफलत होऊ देऊ नका. मधल्या पॅडची किंमतही मोजावी लागेल: कंपनीच्या पॅडपेक्षा आवाज जास्त, धूळ जास्त, डिस्कची झीज जास्त. हे मान्य नसेल तर खाली दिलेली दोन सेटची पद्धत (रस्त्यावर एक, ट्रॅकवर दुसरा) बरी.

पॅडवर छापलेली दोन अक्षरंही वाचायला शिका. एफएफ, जीजी, एफजी असं काहीतरी असतं. पहिलं अक्षर साधारण तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, एच म्हणजे त्याहून वर. पहिल्यापेक्षा दुसरं अक्षर खालचं असेल, म्हणजे एफई वगैरे, तर तो पॅड ट्रॅकसाठी पाहूच नका. पण ही चाचणी सुमारे ३४० अंशांपर्यंतच होते. त्यामुळे जीजी छापलेला पॅड ५०० अंशांवर काय करेल हे त्या अक्षरांवरून कळत नाही. त्यासाठी पॅड बनवणाऱ्या कंपनीचा तापमान-घर्षणाचा आलेख मागा. आलेख देत नसतील तर तो पॅड ट्रॅकसाठी घेऊ नका.

मधला पॅड तुम्हाला पुरतो का, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. डिस्कला लावायचा तापमान दाखवणारा रंग मिळतो. त्यातला हिरवा ४३० अंशांना बदलतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. ब्रेक क्लीनरने डिस्कची बाहेरची कड पुसून तिन्हींचे ठिपके द्या, एक सेशन मारा आणि बघा. हिरवा गेला पण नारिंगी शाबूत असेल तर मधला पॅड बरोबर निवडलात. नारिंगीही गेला तर आधी सेशन लहान करा, चाकाकडे हवा नेणारी नळी बसवता येते का पाहा, आणि मग रेसिंग पॅडचा विचार करा. चेन्नईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक किंवा ग्रेटर नोएडाचं ५.१२५ किलोमीटरचं बुद्ध सर्किट इथे ही वेळ लवकर येते. बुद्धवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे, तिथून मारलेला ब्रेक करीच्या ब्रेकपेक्षा कितीतरी जास्त तापतो.

मागच्या ड्रमना हात लावू नका. पुढे जास्त पकडीचे पॅड आले की ब्रेकचा तोल पुढे सरकतो; गाडी थोडी लांब थांबेल, पण सरळ थांबेल. ज्यांच्या गाडीला चारही डिस्क आहेत त्यांनी मागे पुढच्यापेक्षा जास्त पकडीचा पॅड कधीही घालू नये. मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी वळणात फिरते, आणि एबीएस दरवेळी ते सावरेलच असं नाही.

रेसिंग पॅड घ्यायचेच असतील तर डिकीतून न्या आणि ट्रॅकवर बसवा. एका माणसाला पुढच्या दोन चाकांसाठी साधारण पाऊण तास लागतो. नट गाडी जमिनीवर असताना सैल करा, मग जॅक, आणि जॅकखेरीज स्टँड लावल्याशिवाय हात आत घालू नका. कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) गाईड बोल्ट काढल्यावर कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. ब्रेकच्या रबरी होजवर लोंबकळू दिला तर होज आतून फाटतो आणि ते बाहेरून दिसत नाही. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने पिस्टन हळूहळू आत ढकला. या वेळी बॉनेटखालच्या बाटलीत ब्रेक ऑइल चढतं, त्याच्यावर नजर ठेवा; सांडलं तर पेंट खातं, लगेच पाण्याने धुवा. गाईड पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं आणि पिन अडकतात. बोल्ट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यालाच. आणि गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. पहिल्या दोन-तीन दाबांना पेडल थेट तळाला जातं. हे विसरलं की गाडी पिटची, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायच्या जागेची, भिंत गाठते.

ट्रॅकसाठी पॅड निम्मा झिजला की बदला. नवीन पॅड १० ते १२ मिलिमीटरचा असतो. रस्त्यावर तीन मिलिमीटरपर्यंत चालतं, पण ट्रॅकवर पातळ पॅड उष्णता अडवू शकत नाही, ती सरळ पिस्टनमधून ऑइलमध्ये उतरते.

प्रश्न : तिसऱ्या सेशनला ब्रेक पेडल मऊ पडलं, जवळजवळ तळाला गेलं. दोनदा पंप केल्यावर परत आलं. गॅरेजवाल्याने महागडे पॅड घ्यायला सांगितलं आहे. – एक वाचक, ठाणे

उत्तर : पॅड घेऊ नका, ब्रेक ऑइल बदला. पेडल कडक आणि गाडी थांबत नाही, तर दोष पॅडचा. पेडल मऊ पडून खाली जातं, तर ऑइल उकळलं. उकळल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. तुमचा पाय पिस्टन ढकलण्याऐवजी बुडबुडे दाबत बसतो. अशा वेळी महागडा पॅड घातला तर तो जास्त उष्णता सोसतो म्हणून तुम्ही जास्त जोरात ब्रेक मारता, आणि ऑइल आणखी लवकर उकळतं.

ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डीओटी ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू डबा फोडल्यावर २३० अंश, पण पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की किमान १५५ वर येतो. डीओटी ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. रेसिंगची काही ऑइलं कोरडी असताना ३०० च्या वर जातात, पण ती वर्षानुवर्षं गाडीत ठेवायची नसतात. ठाण्याच्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात दोन वर्षं जुनं ऑइल ट्रॅकवर नेणं म्हणजे संकटाला आमंत्रण. ट्रॅकवर जाणाऱ्याने दर वर्षी, आणि शक्यतो ट्रॅक डेच्या आदल्या आठवड्यातच बदलावं. डीओटी ५ मात्र घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत चालत नाही. ५ आणि ५.१ या नावांत फसणारे बरेच आहेत.

पूर्ण बदलायला एक लिटर पुरतं. फोडलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, झाकण लावूनही तो ओलावा घेतो. चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे. मिळालाच नाही तर मास्टर सिलेंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या भागापासून) सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात. चाकाजवळच्या ऑइल सोडायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव फेरा उघडायचा, पेडल खाली गेलं की निपल आधी बंद, मग पाय वर. वरच्या बाटलीतली पातळी किमान खुणेखाली जाऊ दिली तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलेंडरच्या ज्या भागात सील कधीच गेलेलं नसतं तिथे गंज असतो, आणि पेडल तळापर्यंत दाबलं की तो गंज सील कापतो. असं ऑइल बदलल्यानंतर (ब्लीडिंगनंतर) पेडल हळूहळू खाली सरकायला लागण्याचं हे नेहमीचं कारण.

प्रश्न : नवीन पॅड घालून दुसऱ्याच दिवशी ट्रॅकवर गेलो. तेव्हापासून ताशी १०० च्या वर ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. डिस्क वाकली म्हणतात. खरं आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा वाकलेली नाही. नवा पॅड ठरावीक ब्रेक मारून डिस्कवर नीट बसवून न घेता (याची रीत पुढे दिली आहे) एकदम तापवला की त्याचं द्रव्य डिस्कवर ठिकठिकाणी जाड-पातळ चिकटतं. जाडीत दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरक पडला तरी स्टिअरिंग थरथरतं. तापलेली गाडी पिटमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उभी केली तरी हेच होतं. पॅडच्या आकाराचा ठसा डिस्कवर उमटतो, नीट पाहिलं तर निळसर-काळा चौकोन दिसतोही. म्हणून सेशननंतर एक लॅप ब्रेक जवळजवळ न लावता गाडी गार करायची आणि पार्क करताना गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड किंवा ठोकळा लावायचा, हँडब्रेक ओढायचा नाही.

चाक काढून डिस्क आणि हब यांच्यामधला गंज तारेच्या ब्रशने साफ करा. तेवढ्यानेही कधी कधी थरथर जाते. मग रिकाम्या रस्त्यावर ब्रेक मारत पॅड डिस्कवर पुन्हा बसवून बघा. ताशी ८० वरून २० पर्यंत आठ ते दहा ब्रेक, मध्यम ते जोरात, प्रत्येकानंतर लगेच वेग घ्यायचा, एकदाही पूर्ण थांबायचं नाही. जळका वास आला, थोडा धूर दिसला तर घाबरू नका, नव्या पॅडमधलं रेझिन बाहेर पडत असतं. नंतर दहा-पंधरा मिनिटं ब्रेक न लावता चालवा. डिस्कवर सगळीकडे एकसारखा करडा पट्टा आला तर काम झालं. हे ट्रॅकला जाण्याआधी करायचं असतं. न बसवलेला पॅड पहिल्याच सेशनला तापला की तो वायू सोडतो आणि फेड होतो, पॅड कितीही चांगला असो.

तरी गेलं नाही तर लेथवर डिस्क फिरवून घेता येते, पण तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या वर राहिली तरच. निळे डाग फिरवल्यावरही तसेच राहिले तर तिथलं बिड अति तापून कडक झालं आहे. ते डाग बाकीच्या भागासारखे झिजत नाहीत, काही शे किलोमीटरांत थरथर परत येते. त्या डिस्क बदला. आणि दर ट्रॅक डेला पॅड बदलणार असाल तर दोन्ही सेट एकाच कंपनीचे घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मिश्रणांचे थर एकमेकांवर बसत नाहीत आणि हीच थरथर मागे लागते.

प्रश्न : भोकं पाडलेल्या डिस्क लावल्या तर फायदा होईल का? – एक वाचक, पणजी

उत्तर : ट्रॅकसाठी नाही. वारंवार तापून गार झालं की भोकांच्या कडेपासून तडे जातात. खोबणीच्या डिस्क चालतात, पण पॅड लवकर खातात. साध्या, हवेशीर पोकळी असलेल्या, चांगल्या बिडाच्या डिस्क घ्या आणि उरलेल्या पैशांत ऑइल आणि पॅड.

प्रश्न : केटीएम आरसी ३९० वर रोज कॉलेजला जातो, पुढच्या महिन्यात पहिला ट्रॅक डे आहे. पुढचा पॅड कोणता घ्यावा? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सिंटर्ड पॅड, एचएच दर्जाचा. धातूची भुकटी दाबून, भाजून केलेला हा पॅड थंड असतानाही पकडतो, पावसात पाणी लवकर झटकतो आणि तापल्यावर दम सोडत नाही. मोटरसायकलला रस्ता आणि ट्रॅक एकाच पॅडवर खरंच जमतो. कारवाल्यांना एवढी सोय नाही. शुद्ध रेसिंगचा पॅड घेऊ नका. पुढे एकच डिस्क, आणि थंड पॅडने पहिलाच ब्रेक हुकला तर सावरायला दुसरी डिस्क नाही.

सिंटर्ड पॅड उष्णता पटकन आत नेतो, आणि बाइकमध्ये ऑइल मूठभरच. म्हणून ताजं ऑइल इथे जास्तच महत्त्वाचं. लिव्हर हँडलच्या जवळ येत चालला की लगेच हात वर करून पिटमध्ये या, आणखी एक लॅप ओढू नका. पॅड बदलताना पिस्टन आत ढकलण्याआधी त्याची बाहेर आलेली कड ब्रेक क्लीनर आणि जुन्या टूथब्रशने स्वच्छ करा. चाकणच्या कारखान्यातून कोल्हापूरला येईपर्यंत गाडी नवी असते, पण दोन पावसाळ्यांनंतर त्या कडेवर चिखल आणि पॅडची धूळ घट्ट बसलेली असते. ती सीलमध्ये गेली की पिस्टन अडकतो आणि पॅड डिस्कला घासतच राहतो. मागचा पॅड कंपनीचाच असू द्या.

प्रश्न : म्युनिकला राहतो. नूर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफेवर स्वतःच्या गाडीने जायचं आहे. रेसिंग पॅड घालून गेलो तर? – एक वाचक, जर्मनी

उत्तर : सर्वसामान्यांसाठी खुल्या असलेल्या वेळेत तो ट्रॅक कायद्याने टोल भरून वापरायचा एकेरी रस्ता असतो, आणि रस्त्याचे नियम तिथे लागू असतात. गाडी रस्त्यावर चालायला मान्य असलीच पाहिजे. पॅडवर ईसीई आर९० ची (बदली ब्रेक पॅडच्या युरोपातल्या नियमाची) मान्यता नसेल, किंवा त्या गाडीसाठी वेगळं मान्यतापत्र नसेल, तर गाडीचा परवाना आणि विमा दोन्ही अडचणीत येतात. आर९० चा चालकाला एक फायदाही आहे. या मान्यतेत पॅडची ब्रेकिंग क्षमता मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागते, म्हणजे जानेवारीत शून्याखाली गाडी काढली तरी पहिला ब्रेक ओळखीचा असेल. म्हणून आर९० असलेला मधल्या जातीचा पॅड, ताजं ऑइल, आणि एका लॅपनंतर गाडी गार करणं. लॅप जवळजवळ २१ किलोमीटरचा आहे आणि चढ-उतार सुमारे ३०० मीटरचे. फुक्सरोरेसारखा लांब उतार संपतो तिथे ब्रेकवर सगळा भार एकदम येतो.

प्रश्न : ट्रॅकवर जात नाही, पण कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकचा वास येतो. ट्रॅकचे पॅड घालू का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : नको. आधी गिअर बदला. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, आणि ब्रेकवर सतत पाय घासत ठेवण्यापेक्षा वळणाआधी जोरात मारून पाय पूर्ण काढा. सतत हलका दाब ठेवला की पॅड डिस्कपासून सुटतच नाही आणि मध्ये हवा शिरत नाही.

एवढं करूनही वास येत असेल तर खाली पोहोचल्यावर चारही चाकांजवळ हात न लावता नुसता तळवा धरून बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त तापलेलं असेल तर पॅडची निवड चुकलेली नाही, तिथला पिस्टन किंवा गाईड पिन अडकली आहे. त्या चाकाचा आतला आणि बाहेरचा पॅड काढून शेजारी ठेवा. फक्त आतला झिजला असेल तर पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. दोन्ही झिजले असतील तर पिस्टनचं सील आणि धूळरबर बदलून घ्या, आणि त्या निपलमधून निघालेलं ऑइल काळं असेल तर चारही चाकांचं बदला.